पंक्तीप्रपंच

बाजारादिवशी, दुपार कलल्यावर,
नूलची निंगव्वा पट्टणशेट्टी दवाखान्यात आली
आणि टेबलावर मिठाईचा खोका ठेवला.
मी म्हटलं, पेढे कशाचे?
तिनं झाकण काढलं.
तुतीच्या पानावर सात अळ्या,
फुगलेल्या, पिवळट,
पान सोडून खोक्याच्या काठाकाठानं फिरणाऱ्या.

"नातवाचा दमा तुमच्या गोळ्यांनी हटला.
आता ह्येंचं बगा."

गडहिंग्लजात तीस वर्षं मी
साबुदाण्याएवढ्या गोळ्या वाटतो.
हात आपोआप केसपेपरकडे गेला.
नाव : (कोरं.)
वय : एकवीस दिवस.
तक्रार : पाल्याला तोंड लावत नाहीत,
कातडं ताणतं, फुटलं की दुधासारखं पाणी.
रेशीम कार्यालयातले साहेब याला ग्रासरी म्हणाले.

तहान?
"पाणी पीतच न्हाईत वो. पाल्यात असतंय तेवढंच."
झोप?
"चारदा झोपली. डोस्कं वर करून.
उठली की कात टाकून नवी."
भीती?
इथं ती जरा थांबली.
"मुंगीची. पालीची.
आन् आमच्या जाऊबाईच्या मशेरीची."
त्रास कधी वाढतो?
"राती एकनंतर. मी बॅटरी घेऊन जाते न्हवं,
समदी काठावर."

माझ्या जाड पुस्तकात
माणसांसाठी हेच लिहिलंय:
अस्वस्थ, जागा बदलत राहतो, मध्यरात्रीनंतर जास्त.
हसू आलं, आणि मग आलं नाही.

सोमल.
त्याचा एक थेंब नव्व्याण्णव थेंबांत,
त्यातला एक पुन्हा नव्व्याण्णवांत,
असं तीस वेळा.
शेवटी बाटलीत सोमल नसतो.
त्याची आठवण असते, असं आम्ही म्हणतो.
पाणी असतं, असं माझा एमएस्सी झालेला मुलगा म्हणतो.

मी सांगितलं, बादलीत दहा थेंब,
पाल्यावर शिंपड, पंख्याखाली वाळव, मग घाल.
पण त्याआधी रोगट वेचून चुन्यात पूर,
फळ्या ब्लीचिंगनं धू,
साहेब सांगतील ते सगळं कर.
आणि एक.
पाच फळ्यांना औषध दे,
पाच फळ्यांना नुसतं पाणी.
(हे मुलासाठी होतं.)
तिनं मान हलवली.

बारा दिवसांनी ती आली ती हसतच.
चंद्रिका भरल्या होत्या.
मागच्या खेपेला साठ किलो कोष,
या खेपेला एकशे तीस.
म्हटलं, औषधाच्या पाच फळ्या जगल्या तर!
"धाही."
मग पाण्याच्या?
"पाण्याच्या कुटल्या?"
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मीच काही वावगं बोललो होतो.
"एका पंगतीला बसलेली लेकरं.
ह्येला वाढायचं, त्येला न्हाई?
असला पंक्तीप्रपंच मला न्हाई जमला."

झालं. म्हणजे काहीच कळलं नाही.
चुना असेल, सोमल असेल,
किंवा रात्री एकची ती बॅटरी.

आता?
"आता टेम्पो. रामनगरला."
तिथं गरम पाणी असतं,
हे तिलाही माहीत, मलाही.
मी विचारलं नाही, तरी तिनं पदर नीट केला.
"मरायचं हायच की त्येंनी.
पर घर बांधायच्या आधी, असं काठावर,
अंधारात..."
पुढचं वाक्य तिनं बाजाराच्या पिशवीत ठेवलं.

फी म्हणून एक कोष देऊन गेली.
गिऱ्हाईक नसलं की मी तो कानाशी धरून हलवतो.
आत खुळखुळतं काहीतरी,
गोळ्यांच्या बाटलीपेक्षा हलकं.

केसपेपरवर नाव अजून कोरंच आहे.
फायलीत तो पट्टणशेट्टींच्यातच लावलाय,
नातवाच्या दम्यामागे.